पीएचडीचं लिखाण सारखं पुढे ढकललं जातंय, काय करावं?

कसबापेठकर:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात इतिहासात पीएचडी करतेय. विषय पेशवेकालीन बाजारपेठा आणि जकात. फेलोशिपचं हे पाचवं, म्हणजे शेवटचं वर्ष. पुरालेखागारातले मोडी कागद भरपूर वाचून झालेत, वह्याच्या वह्या भरल्यात. पण दुसरं प्रकरण काही केल्या लिहून होत नाही. लिहायला बसले की वाटतं, अजून एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, बघून घेऊ, त्यात वेगळं काही निघालं तर? मग आठवडा तिकडे जातो. परत आले की जुनी टिपणं श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायची, संदर्भसूची नीट करायची. दिवसभर हात रिकामा नसतो आणि प्रकरणाची फाइल मात्र होती तिथेच. आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, सादरीकरण असलं की आदल्या रात्री जागून काहीतरी उभं करते. घरचे याला आळस म्हणतात, मला ते पटत नाही. टाइम-टेबल आखण्यापलीकडचं काही कुणी सांगाल का?

गोदाकाठ:
आळस नाहीच. आळशी माणूस दिवस दिवस मोडी वाचत बसत नाही. मी इतिहासच शिकवते आणि गाईड म्हणून हे नेहमी बघते. संशोधकाची चालढकल बहुतेकदा कामातच लपलेली असते, म्हणून ती ना घरच्यांना दिसते ना स्वतःला. रुमाल बघणं हे कामच आहे, त्यामुळे त्याबद्दल मनाला टोचणीही लागत नाही.

सॉलोमन आणि रॉथब्लम या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. सत्राचा निबंध लिहिणं आपण जवळजवळ नेहमीच लांबणीवर टाकतो, असं ४६ टक्के जणांनी सांगितलं. परीक्षेचा अभ्यास आणि आठवड्याचं वाचन यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. कारणं मुख्यतः दोन निघाली: जमणार नाही ही भीती आणि त्या कामाचा कंटाळा. मला तुमच्या प्रश्नात पहिलं कारण दिसतं. कागद वाचताना कुणी तुम्हाला चूक ठरवत नाही. लिहिलं की तुमचं म्हणणं उघड्यावर येतं, आणि 'अजून एक रुमाल' तो क्षण लांबवतो.

म्हणून माझा आग्रह असा की प्रकरण लिहायला बसूच नका. एक कागद घ्या. समजा, एखाद्या कसब्याच्या जकातीचा हिशेब आहे. रुमालाचा क्रमांक, तारीख, कुणी कुणाला लिहिलं, कोणत्या मालावर किती जकात, कुणाला माफी, एवढं आपल्या शब्दांत मांडा. त्याखाली एकच वाक्य लिहा: 'यावरून मला असं म्हणायचं आहे की...' वाक्य बाळबोध झालं तरी चालेल, पण रिकामं ठेवायचं नाही. असे कागद साठले की त्या शेवटच्या वाक्यांच्या प्रिंट काढून टेबलावर मांडा. कोणती एकत्र जातात ते डोळ्यांना दिसतं आणि प्रकरणाचे भाग तिथेच पडतात. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून असंच करून घेते.

आणि नवे रुमाल बंद. अगदीच राहवलं नाही तर क्रमांक एका कागदावर टिपून ठेवा. प्रकरणाचा कच्चा खर्डा गाईडच्या हातात पडल्यावरच ती यादी उघडायची.

भट्टीवाला:
मी रसायनशास्त्रातला, आमच्याकडे अडकायची जागा वेगळी. 'अजून एक रिअ‍ॅक्शन लावून बघतो' हे आमचं पालुपद. आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टींनी फरक पडला. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, आधी प्रयोगाची पद्धत, कारण ती नुसती वहीतून उतरवायची असते. दुसरं म्हणजे आम्ही काही जण सकाळी एका अभ्यासिकेत एकत्र बसतो, तिथे लॅपटॉपवर लिखाणाशिवाय काही उघडायचं नाही. शेजारी एमपीएससीची मुलं मान खाली घालून वाचत असतात, त्या वातावरणाचा उपयोग होतो.

नियमवही:
मुदतीचं सांगतो, कारण घाबरल्यावर हात आणखीच आखडतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कोर्सवर्क धरून सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्यावरही दोन वर्षांची सवलत आहे. तुमची नोंदणी कोणत्या नियमांखाली आहे ते विद्यापीठात विचारून घ्या. फेलोशिप मात्र पाच वर्षांनी थांबते, दरमहा ४२ हजार बंद. त्यामुळे हातातले महिने लिखाणालाच द्या. आरएसी दर सत्रात असतेच. तिथे स्लाइड्सऐवजी लिहिलेली पानं द्यायची, असं गाईडशी आत्ताच ठरवून टाका.

कसबापेठकर:
गोदाकाठ, भीतीचं जे म्हणालात ते नेमकं लागू पडलं. आज सासवडच्या जकातीचा कागद काढलाय. गाईड मॅडमना फोन करून शनिवारी पानं पाठवते असंही सांगितलं. एक शंका आहे, मोडीचं पूर्ण लिप्यंतर प्रत्येक कागदासोबत द्यायचं का?

गोदाकाठ:
आत्ता नको, त्यातच महिना जाईल. जी ओळ तुमच्या मुद्द्याला लागते तेवढीच उतरवा, बाकीचं परिशिष्टाच्या वेळी.