धबधब्याचा एका दिवसाचा ट्रेक : परतताना ओढा चढला तर?

झुळूक :
शहरापासून दोनेक तासांवरच्या एका धबधब्याला ऐन पावसाळ्यात एका दिवसात जाऊन यायचं ठरतंय. आम्ही सात जण, त्यात 10 आणि 12 वर्षांची दोन मुलं. वाट एका बाजूने 4 किमी, चढ 300 मीटर, आणि एकच ओढा दोन ठिकाणी ओलांडावा लागतो. चालायला कधी सुरुवात करावी? ओढ्याला किती पाणी असेपर्यंत उतरावं? बूट कसले? 'काळजी घ्या' एवढंच नको, आकडे सांगा.

ढोरवाट :
वेळेचं आधी. नेस्मिथचा नियम 1892 पासून चालत आलाय : सपाटीला तासाला 5 किमी, वर दर 600 मीटर चढाला 1 तास. तुमचे 4 किमी म्हणजे 48 मिनिटं, 300 मीटरची 30, एकूण 78. हा हिशेब कोरड्या वाटेवरच्या सराईत माणसाचा. चिखल आणि मुलं धरून दीडपट करा, म्हणजे 2 तास. उतरताना वेळ वाचेल असं समजू नका, ओल्या कातळावर उतार चढाएवढाच वेळ खातो. 2 जायला, 2 यायला, 1 धबधब्यापाशी, 1 हाताशी राखीव. 7 ला चालायला लागलात तर 1 च्या आत गाडीपाशी.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. 10 म्हणजे 10. धबधबा समोर दिसत असला आणि अजून पोचला नसाल, तरी मागे.

शहराजवळचे धबधबे म्हणजे सुट्टीच्या दिवशी जत्रा. एखाद्या अडचणीच्या पॅचवर माणशी 2 मिनिटं धरली तर पुढच्या 40 जणांची 80 मिनिटं होतात, तुमचा राखीव तास तिथेच संपला. जमलं तर मधला वार बघा.

निवळी :
खरा प्रश्न ओढ्याचाच आहे. जाताना जे पाणी ओलांडता ते येताना तेवढंच असेल याची काहीच हमी नाही. वर 1 चौरस किमी पाणलोट असेल आणि त्यावर 50 मिमी पाऊस पडला तर ते 5 कोटी लिटर पाणी होतं. माती आधीच भिजून गच्च, खाली कातळ. त्यातलं बरंचसं तुमच्याच ओढ्याने उतरणार, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकतं.

उतरण्याआधी हे करा. काठावर 10 मीटर अंतर पावलांनी मोजा, वरच्या टोकाला काडी टाका. ती 8 सेकंदांच्या आत खालच्या टोकाला पोचली तर पाणी माणसाच्या चालीपेक्षा जोरात आहे. अशा वेळी गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही. गुडघा कुणाचा? 10 वर्षांच्या मुलाचा, म्हणजे साधारण 35-40 सेमी. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, म्हणून 'थोडंसंच वाढलंय' याला अर्थ नाही. तळ दिसत नसेल तर मोजायचीही गरज नाही, थांबा.

जागा निवडताना अरुंद पट्टा टाळा, तिथे पाणी खोल आणि जोराचं असतं. पसरट, खळाळतं बघा. लगेच खाली धबधबा किंवा मोठे धोंडे असतील तर ती जागा बाद. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. सगळ्यात धिप्पाड माणूस प्रवाहाच्या वरच्या अंगाला, हातात काठी, तोंड प्रवाहाकडे. बाकीचे त्याच्या मागे एका ओळीत, पुढच्याच्या सॅकचे खांद्याचे पट्टे धरून, मुलं मध्ये. सगळ्यांनी मिळून एकेक पाऊल आडवं सरकायचं. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा.

पलीकडे गेल्यावर पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा. पाणी गढुळलं, पाला-काटक्या यायला लागल्या, आवाज घोगरा झाला, की लोंढा मागे आहे समजा आणि लगेच उंचावर. पाणी अचानक कमी झालं तरीही तेच, वर कुठेतरी ओंडके अडकून बांध झालेला असू शकतो. नकाशात वर धरण किंवा बंधारा आहे का हेही बघून ठेवा, पाऊस नसताना तिथून पाणी सुटू शकतं.

झुळूक :
20 मीटर दोर नेला आणि एकेकाला कमरेला बांधून पलीकडे नेलं तर?

निवळी :
अजिबात नको. बांधलेला माणूस पडला की दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो. मोकळा असता तर निदान वाहत कडेला लागला असता. पाणी चढलं असेल तर अलीकडेच बसून राहणं हा सगळ्यात चांगला उपाय. लहान ओढे पाऊस थांबल्यावर बहुतेकदा काही तासांत उतरतात. म्हणून तर माणशी एक जादा कोरडा टीशर्ट, प्लास्टिकचा एक मोठा कागद आणि हेडटॉर्च न्यायचा. उशीर झाला तर कधी शोधाशोध सुरू करायची, ते घरी सांगून ठेवा. दरीत रेंज मिळेलच असं नाही. शिट्टी असू द्या : मिनिटाला 6 वेळा, मग 1 मिनिट थांबून पुन्हा.

घसरगुंडी :
बुटांचं. मऊ रबराचा, खोल खाचांचा सोल हवा, घोटा झाकला तर उत्तम. गुळगुळीत झालेले जॉगिंगचे बूट आणि चपला घरी. जीन्सही नको, भिजली की वाळत नाही आणि गुडघा वाकत नाही. ओढ्यात बूट काढू नका, अनवाणी पाय दगडात अडकतो. बाकी हिरव्या किंवा काळ्या चकचकीत शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, कितीही महागाचा घ्या. वजन टाकण्याआधी टाच घासून बघा, बुळबुळीत लागलं तर वळसा.

धारेखाली उभं राहण्याचा हट्ट मुलंच नाही, मोठेही करतात. 30 मीटरवरून सुटलेला दगड खाली येईपर्यंत ताशी 85 किमीच्या आसपास पोचतो, आणि पांढऱ्या पाण्यात तो दिसत नाही. डोहात धारेजवळ पाणी फेसाळतं, त्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नेहमीसारखं तरंगत नाही, वर पृष्ठभागाचा प्रवाह पुन्हा धारेकडे ओढतो. पट्टीचे पोहणारे तिथेच अडकतात. भिजायचंच तर खाली, घोटाभर संथ पाण्यात.

ढोरवाट :
जळू लागली तर ओढून काढू नका. बारीक टोकाकडून नखाने सरकवा. रक्त बराच वेळ येत राहतं, दाबून धरा. आणि पायाला जखम असताना गढूळ पाण्यात चालला असाल, तर पुढच्या महिनाभरात ताप आल्यास डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) तपासणी करायची की नाही ते त्यावर ठरतं.