गिऱ्हाईकाचं घड्याळ डुप्लिकेट निघालं, सांगायचं कसं? मदत हवी आहे

दादर पश्चिमेला माझं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गेल्या शनिवारी सत्तरीच्या आसपासचे एक काका आले. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काउंटरवर ठेवलं. "भावाने कुवेतहून आणलं होतं. भाऊ गेला, तेव्हापासून कपाटातच आहे. जावयाचा पहिला दिवाळसण आहे रे, सर्व्हिस करून चकाचक करून दे." डायलवर ओमेगा, खाली ऑटोमॅटिक, म्हणजे सेल नाही, हाताच्या हालचालीवर चावी भरली जाणारं.

घड्याळ बंद होतं. पण ऑटोमॅटिक बंद असलं तरी हातात हलवलं की आतला रोटर, म्हणजे चावी भरणारं वजन, फिरताना जाणवतो. इथे काहीच नाही. काका गेल्यावर रात्री मागचं झाकण काढलं, तर आत पांढरी प्लॅस्टिकची रिंग आणि मधोमध सेलवर चालणारं बारकं मशीन. ना कुठे कंपनीचं नाव, ना नंबर. नवा सेल घातला, लगेच सुरू झालं. सेकंदकाटा टक टक उड्या मारतोय आणि वर लिहिलंय ऑटोमॅटिक! हसावं की रडावं कळेना.

खरी चूक माझी. झाकण काकांसमोर उघडायला हवं होतं. मागे एका मुलीला सरळ सांगितलं होतं, "ताई, हे ओरिजिनल नाही." दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. "ओरिजिनल मशीन तूच काढून घेतलंस!" फोटो काढलेला नव्हता, काय दाखवणार? अख्ख्या गल्लीसमोर शोभा झाली. तेव्हापासून गिऱ्हाईकासमोरच उघडतो, मोबाइलवर फोटो काढतो. पावतीवरही 'ओमेगा' न लिहिता 'स्टीलचं घड्याळ, डायलवर ओमेगा नाव' असं लिहितो. नाहीतर आपलीच पावती उद्या खरेपणाचा दाखला होऊन बसते. काकांच्या पावतीवर तसंच लिहिलंय, पण शनिवारी दुकानात गर्दी होती, उघडायचं राहून गेलं.

बाबांची पद्धत वेगळी होती. "साहेब, याचे पार्ट मिळत नाहीत," म्हणायचे आणि घड्याळ परत. मीही बरीच वर्षं तेच केलं. पण हे घड्याळ जावयाच्या हातात जाणार. तो कधीतरी शोरूममध्ये नेणार, तिथला माणूस झाकण उघडणार, आणि मग काकांची सासरेपणाची काय लाज राहील?

माझ्या मेव्हण्याची झवेरी बाजारात पेढी आहे. त्याचं बरं आहे. दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर असेल तर गिऱ्हाईक स्वतःच सरकारी बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघतं. 2021 च्या आधीच्या जुन्या दागिन्यावर तो नंबर नसतो, मग हॉलमार्किंग सेंटरला पाठवून तपासून घेतात. कागद बोलतो, सोनाराला तोंड उघडावं लागत नाही. आमच्या धंद्यात सगळं आमच्याच जिभेवर.

त्यात आपलं 'मुंबई स्पेशल' प्रकरण आहेच. मशीन खरं जुनं एचएमटी किंवा सेइको, डायल मात्र नव्याने रंगवलेली, लालभडक नाहीतर पोपटी. त्याला मी डुप्लिकेट म्हणत नाही, 'डायल नंतरची आहे' एवढंच सांगतो आणि लोक ऐकून घेतात. इथे तसं म्हणायलाही काही नाही.

धंद्यातल्या लोकांनी सांगा:

येत्या शनिवारी काका आले की परत त्यांच्यासमोर झाकण उघडून दाखवू का, की आधी बोलून मग दाखवू? भिंग त्यांच्याच हातात दिलं तर बरं पडेल का?

आणि भावाने फसवलं असं त्यांना वाटू नये, यासाठी काय बोलता? बहुतेक त्या भावालाही कोणीतरी टोपीच घातली असणार. पण हे मी म्हटलं तर सारवासारव वाटेल का?

सेलचे पैसे घेणार नाही, ते ठरलंय. सध्या घड्याळ ड्रॉवरमध्ये त्याच रुमालात आहे. वेळ मात्र अगदी बरोबर दाखवतंय.