मदत हवी आहे: मॉन्स्टर हंटर वर्ल्ड या गेममध्ये मित्रांच्या सेशनमधून सारखा बाहेर फेकला जातोय

मंडळी, मी इंदूरला, एक मित्र पुण्यात, आत्तेभाऊ बडोद्यात. तिघांकडे पीएस४ (प्लेस्टेशन ४), तिघांकडे प्लस (ऑनलाइन खेळायला लागणारी सशुल्क मेंबरशिप) आहे. रात्री जेवणं आटोपली की साडेदहाला बसतो.

पहिल्या आठवड्यात तर एकत्र शिकारच होईना. मग कळलं, कथेतल्या क्वेस्टमध्ये (मोहिमेत) ज्याने-त्याने आपापला कटसीन (कथेचा व्हिडिओ) आधी बघायचा, तेव्हाच बाकीचे आत येऊ शकतात. कोणी ठरवलं हे, देव जाणे! असो, ते जमलं.

आता खरा घोळ. काल अंजनाथ, म्हणजे आमची शिकार असलेला राक्षस, लंगडत गुहेकडे निघाला होता. आमचे दोन 'कार्ट' (बेशुद्ध पडून तळावर परत) आधीच झालेले (दोन्ही आत्तेभावाचे, तो मान्य करत नाही), म्हणजे कोणीही अजून एकदा पडलं की क्वेस्ट बोंबलली. मी हंटिंग हॉर्न (वाजवायचं शस्त्र) वाजवून सगळ्यांचा अटॅक वाढवतोय, आणि मला लाइन तुटल्याचा मेसेज! ते दोघे खेळत राहिले, मी एकटाच बाहेर. हे रोजचंच झालंय.

पीएस४ वर इंटरनेट टेस्ट केली तर नॅट टाइप ३ (म्हणजे इतर खेळाडूंशी थेट जोडणी अवघड) दाखवतं. राउटरला केबल लावली, यूपीएनपी (राउटरने गेमसाठी वाट आपोआप उघडायची सेटिंग) चालू केलं, फरक शून्य. मोबाइल हॉटस्पॉटवरही तेच. नेटवाला म्हणतो, "एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बऱ्याच घरांत वाटलेला असतो, स्टॅटिक (स्वतःचा, न बदलणारा) घ्या, वेगळे पैसे पडतील."

स्टॅटिक आयपी घेऊन कोणाचं खरंच सुटलंय का? की दुसरा काही उपाय आहे? शनिवारी पुन्हा बसायचंय, आणि आई विचारतेय रात्री कोणावर ओरडतोस म्हणून.