कर्बी हॉल : बाग पुन्हा लावायची की उंचवटे तसेच ठेवायचे?

पांढरीवरचा:
इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशरला कर्बी हॉल पाहून आलो. १५७० मध्ये हंफ्री स्टॅफर्डने बांधायला घेतलेला वाडा, १५७५ मध्ये क्रिस्टोफर हॅटनकडे गेला. आज बराचसा बिनछपराचा. सतराव्या शतकातली मोठी बाग १९९० च्या दशकात पुन्हा आखली. मोर फिरतात, सगळे तिथेच फोटो काढतात. शेजारच्या कुरणाकडे कुणी वळत नाही. तिथं कर्बी नावाचं गाव होतं. ते ओसरत गेलं, काही भागावर बाग पसरली. उन्हं कलली तेव्हा गवतात घरं-परसांच्या उंचवट्यांचे चौकोन उठून दिसले, मधून खोलगट पाणंद. आपण ज्याला पांढर, म्हणजे जुन्या गावाची जागा म्हणतो, तेच हे. अशा जागी नव्यानं बागा उभारू नयेत. एकदा खोदलं की खालचं गाव परत मिळत नाही.

वाफा:
अजिबात पटलं नाही. बाग हाही इतिहासच. आईला घेऊन गेले होते. कुरणापाशी ती म्हणाली, "इथं काय बघायचं?" वाफ्यांपाशी मात्र अर्धा तास थांबली, प्रश्न विचारत राहिली. जे दिसतच नाही ते लोक जपणार कसं?

औतकरी:
दिसत नाही कसं? त्या भागातली जुनी शेतं बघा. रुंद वरंबे, मधे सऱ्या, आणि सगळे उलट्या एस अक्षरासारखे वळलेले. सहा-आठ बैलांचं लांबलचक औत बांधाशी वळवायला आधीपासूनच कल घ्यावा लागे. पुढं तिथं मेंढ्यांसाठी कुरण झालं, नांगरट थांबली, म्हणून ते वरंबे टिकले. वाड्याच्या वाफ्यांना पैसा मिळतो, कुळांच्या वरंब्यांना साधी पाटीही नाही. मला हे सलतं.

पांढरीवरचा:
@वाफा, त्याच परगण्यातली लिव्हडेनची जुनी बाग घ्या. ती करवून घेणारा टॉमस ट्रेशम १६०५ मध्ये वारला, बाग अर्धवट राहिली. १९४४ मध्ये जर्मन विमानातून काढलेला फोटो २०१० मध्ये उजेडात आला आणि त्यात चक्रव्यूहाची एकात एक वर्तुळं दिसली. मधल्या काळात कुणी जमीन सपाट करून 'सुधारली' असती तर?

वाफा:
पण तिथं पुढं काय केलं? गवत कमी-जास्त कापून तीच वर्तुळं दाखवली, कुदळ न लावता. मग कर्बीच्या कुरणातही घरांचे चौकोन तसेच कापून दाखवा. एवढ्याला तुमची हरकत आहे का?

पांढरीवरचा:
नाही. पाणंदही दाखवा.