हॅम्लेटच्या आईला खुनाचं माहीत होतं का?

रातकिडा:
शेक्सपिअरचं हॅम्लेट दुसऱ्यांदा वाचतोय आणि यावेळी त्याच्या आईपाशी, गर्ट्रूडपाशीच अडकलोय. नवरा जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर दिराशी लग्न, आणि त्या दिरानेच, क्लॉडियसने, नवऱ्याच्या म्हणजे राजाच्या कानात विष ओतलेलं. तिला हे माहीत होतं का? माहीत असेल तर ती सामील, नसेल तर भोळी, आणि मला दोन्ही पटत नाहीये.

कडेचा_प्रेक्षक:
नव्हतं माहीत. तिसऱ्या अंकातला तिच्या दालनातला सीन बघ. पडद्याआड लपलेल्या पोलोनियस या दरबाऱ्याला भोसकल्यावर हॅम्लेट म्हणतो, राजाला मारून त्याच्या भावाशी लग्न करण्याइतकंच हे वाईट, आणि ती नुसतं 'राजाला मारून?' एवढंच बोलते. सामील असलेली बाई तो शब्द परत तोंडात तरी घेईल का?

शाईचा_डाग:
इतकं सोपं नाहीये ते. मेलेल्या राजाचं भूत क्लॉडियसला व्यभिचारी म्हणतं, म्हणजे नवरा असतानाच काही चालू होतं की हे लग्नच पाप, कारण तेव्हा चर्चच्या हिशोबात भावाच्या विधवेशी लग्न निषिद्धच (आठव्या हेन्रीने कॅथरीनला सोडताना हेच कारण पुढे केलं होतं), ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि गंमत म्हणजे १६०३ च्या पहिल्या छापील प्रतीत ती चक्क शपथ घेऊन सांगते की मला या खुनाचं काही ठाऊक नव्हतं, वर मुलाला सूडात मदत करायचं कबूल करते. १६०४-०५ च्या प्रतीत आणि १६२३ च्या फोलिओत (नाटकांच्या एकत्रित संग्रहात) यातलं काहीच नाही, तिथे ती फक्त तुझं वेड खोटंय हे सांगणार नाही एवढंच म्हणते.

रातकिडा:
आयला, म्हणजे माझा प्रश्न कुठली प्रत हातात आहे त्यावर ठरणार?

जुनं_कपाट:
मला तर 'माहीत होतं का' हा प्रश्नच चुकीचा वाटतो. दालनातल्या सीननंतर ती काय करते ते बघा ना. लगेच जाऊन नव्या नवऱ्याला, क्लॉडियसला सांगते की पोरगा खवळलेल्या समुद्रासारखा वेडा झालाय, म्हणजे मुलाचं गुपित राखते. आणि त्याच चौथ्या अंकात पोलोनियसचा मुलगा लेअर्टीस चिडून आत घुसतो तेव्हा त्याला धरून ठेवते, इतकं की क्लॉडियसलाच म्हणावं लागतं, सोड त्याला. बाप कुठे म्हणून विचारल्यावर 'मेला' हे क्लॉडियस सांगतो आणि 'पण यांनी नाही मारलं' हे ती मध्येच घुसवते. ज्याच्यावर मुलाने खुनाचा आरोप केलाय त्याच्यासाठी! दोघांनाही सांभाळायचं आणि खरंखोटं करायला जायचंच नाही, डोळ्यांवर कातडं ओढून बसायचं. नवऱ्याचं उघड मोडते ती थेट शेवटी, हॅम्लेटसाठी विष घातलेला पेला ती उचलते तेव्हा तो पिऊ नको म्हणतो आणि ती म्हणते पिणार, माफ करा. मरताना मात्र विष पेल्यात होतं हे मुलालाच सांगते.

शाईचा_डाग:
पेल्याचं माहीत असून प्यायली असंही काहीजण स्टेजवर दाखवतात. मला ते ओढूनताणून वाटतं, संहितेत तसं काही नाही.

रातकिडा:
बरं मग अजून एक, पोलोनियसची मुलगी ऑफेलिया बुडाली ते हीच येऊन सांगते, कुठली फुलं होती, कपडे पाण्यावर कसे पसरले होते, ती कशी गात होती, सगळं. इतकं कोणी बघितलं, आणि बघणाऱ्याने तिला बाहेर का नाही ओढलं?