जपानी एन्का पहिल्यांदाच गायचंय, कोणतं गाणं घ्यावं?

टेरी_टॉवेल:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पुढच्या महिन्यात जपानहून खरेदीदार येणार आहेत. चौघं, पन्नाशी-साठीतले. शेवटच्या रात्री जेवणानंतर कराओके ठरलंय आणि आमच्याकडून दोघांनी एकेक एन्का (तिकडची जुन्या वळणाची भावगीतं) गाणं म्हणायचं आहे. एक मी: सुगम संगीत गातो, पट्टी काळी एक. दुसऱ्या आमच्या अकाउंट्सच्या मॅडम, आवाज खालचा पण सुरात पक्का. जपानी दोघांनाही येत नाही. हातात तीन आठवडे आहेत. मला इशिकावा सायुरीचं ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’ फार आवडलंय. जमेल का? ट्रॅक लॅपटॉपवरून वाजवणार.

भूप_आणि_भाकरी:
‘त्सुगारू’ नका घेऊ. ऐकायला संथ वाटतं, पण सुरुवातीच्या ओळींत एकेका मात्रेत तीन-तीन अक्षरं आहेत. ती धापा टाकत संपवली की पुढे वरचे लांब स्वर येतात, तोवर श्वास उरलेला नसतो. शिवाय 1977 पासून हे गाणं त्या पिढीच्या कानात इतकं मुरलंय की जरासं घसरलं तरी कळतं. त्याच गायिकेचं ‘आमागिगोए’ आणखी अवघड, त्याच्या वाटेला जाऊच नका.

तुमच्यासाठी ‘कितागुनी नो हारू’. गायक सेन मासाओ, तेही 1977 चंच. चाल सरळ सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचेच स्वर. मध्यम आणि निषाद वगळलेल्या या सप्तकाला तिकडे योनानुकी म्हणतात आणि एन्काचा मोठा भाग त्यावर उभा आहे. (याचाच उदास प्रकार हवा असेल तर शिवरंजनीतला धैवत कोमल करून बघा.) तिन्ही कडव्यांची चाल एकच, एक बसलं की पुढे फक्त शब्द. तुम्हाला धोका एवढाच की भूप दिसला की आपला गळा सवयीनं आलाप घ्यायला लागतो. तो आवरा.

अडचण येते ती कडव्याच्या मधल्या भागात, जिथे अक्षरांची दाटी होते. तेवढा तुकडा सूर न लावता, मांडीवर ताल देत नुसता बोलून पाठ करा. जपानीत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ. दीर्घ स्वर असेल तर दोन मात्रा, आणि ‘न्’ला स्वतःची मात्रा असते, तो आपल्यासारखा पुढच्या अक्षराला चिकटवला की ओळ ठेक्याच्या आधी संपते. सगळं देवनागरीत लिहून घ्या, एका श्वासाची एक ओळ. ‘त्सु’ म्हणताना आपल्या ‘चूक’मधला च वापरा, फक्त ऊ आखूड करा. इंग्रजी बोलणाऱ्याला यासाठी घाम गाळावा लागतो, आपल्याला फुकटात मिळतो.

निहोंगो_वाचक:
वरच्याशी सहमत. मॅडमसाठी गायिका मिसोरा हिबारीचं ‘कावा नो नागारे नो योओ नि’ सुचवेन. 1989 चं, त्याच वर्षी ती गेली, त्यामुळे त्या वयाच्या माणसाला हे माहीत नाही असं होणार नाही. काटेकोर बोलायचं तर ते एन्का आणि पॉपच्या मधलं आहे, पण कराओकेत कोणी भांडत नाही. सुरुवात अगदी खालून होते, ती त्यांना सोयीची. ध्रुवपदाला मात्र चाल एकदम वर जाते. बरेच जण वरचा भाग जमावा म्हणून ट्रॅक खाली उतरवतात आणि मग पहिल्या ओळी माइकमध्ये येतच नाहीत. आधी सर्वांत खालचा स्वर बघा, मग वरचा. दोन्ही टोकं बसत नसतील तर गाणं बदला, ओढाताण करू नका.

आणि राखीव म्हणून ‘योसाकु’ ठेवाच. किताजिमा साबुरोनं 1978 मध्ये गाजवलेलं. शब्द मोजके, सुरुवातीच्या ओळींनंतर ‘हेइ हेइ हो’ असा पुकारा, तो पाहुणेच उचलतील. त्यात लाकूडतोड्याची बायको मागावर कापड विणते, ‘तोन तोन तोन’ असा मागाचा आवाजही आहे. टॉवेलवाल्यांनी टॉवेलवाल्यांपुढे, तेही सोलापुरात, याहून योग्य गाणं शोधून सापडणार नाही!

माइक_टेस्टिंग:
गाण्याचं झालं, आता सामानाचं बघा की. यूट्यूबवर वेग बदलतो, पट्टी नाही. 0.75 वेग सरावाला छान, सूर तोच राहतो. पट्टीसाठी पिच बदलणारं अ‍ॅप किंवा ब्राउझरचं एक्स्टेंशन घ्या. एक पायरी म्हणजे काळी एकवरून पांढरी दोन. चार-पाच पायऱ्यांच्या पुढे गेलात की ट्रॅकमधली वाद्यं खेळण्यातली वाटायला लागतात, मग दुसऱ्या पट्टीतला तयार ट्रॅक शोधलेला बरा. पट्टी ठरली की बदललेली फाइल सेव्ह करा, ऐनवेळी हॉलमध्ये नेट नसलं की बसा बोंबलत.

लॅपटॉप ते मिक्सर वायरच लावा. ब्लूटूथनं आवाज मागून येतो, पडद्यावरच्या अक्षरांचा रंग आधी सरकतो, आणि रंग बघून गाणारा पुढे पळतो. इको लई देऊ नका. एन्काला थोडा शोभतो, पण जास्त झाला की अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि पाहुण्यांना शब्द कळत नाहीत. वरच्या मोठ्या स्वराला माइक वीतभर लांब न्यायचा, खालच्या ओळींना ओठांपासून दोन बोटं.

टेरी_टॉवेल:
‘योसाकु’चं माहीतच नव्हतं, मस्त! एक शंका. ते गळा हलवून घेतात, कोबुशी म्हणतात ना, ते किती घ्यायचं? न घेतलं तर कोरडं वाटतं.

भूप_आणि_भाकरी:
कडव्याला तीन-चार पुरे. लांबवलेल्या स्वरावरच घ्या: मूळ स्वर, क्षणभर वरचा, परत मूळ. आपली मुरकी येत असेल तर गळा तयारच आहे, फक्त ती एकदाच फिरवून सोडून द्यायची, साखळी करायची नाही. अक्षरांच्या दाटीत घेतली तर शब्द मोडतो. स्वराच्या शेवटचं कंपन ही वेगळी गोष्ट. स्वर आधी अर्धा वेळ सरळ धरा, मग संथ हलवा. लावल्या लावल्या हलवला तर बेसूर लागतो. पहिला आठवडा यातलं काहीच नको, नुसती सपाट चाल. दुसऱ्या आठवड्यात कागदावर जागा खुणा करून ठेवा.

निहोंगो_वाचक:
एक राहिलं. जपानमध्ये प्रत्येकाचं एक ठरलेलं हुकमी गाणं असतं, ओहाको म्हणतात. दुभाष्याकडून चौघांची ओहाको आधीच विचारून घ्या. त्यांच्या साहेबांचं ‘कितागुनी’ निघालं तर ते त्यांना सोडायचं आणि तुम्ही ‘योसाकु’वर जायचं. ‘कितागुनी’ तुमच्याच वाट्याला आलं तर तिन्ही कडवी म्हणायची गरज नाही. दुसऱ्या कडव्यानंतर ट्रॅक हळूहळू बंद होईल अशी फाइल कापून ठेवा.