रातांब्याचा लाल रंग पेशीच्या नेमक्या कुठल्या भागात असतो?

वेळणेश्वरची ताई:
आमच्याकडे रातांबे (कोकमाची फळं) फोडायचं काम जोरात चालू आहे. लेक यंदा आठवी झाली, पेशीअंगकं तोंडपाठ. केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी संकुल, सगळं एका दमात म्हणते. तिला विचारलं, मग हा लाल रंग यातल्या कशात असतो? गप्प! खरं म्हणजे मलाही माहीत नाही. सालं नुसती धुतली तर पाणी जेमतेम गुलाबी होतं, मीठ लावून ठेवली की सकाळी पातेल्यात लालभडक आगळ. हापूसची फोड मात्र रात्रभर पाण्यात पडली तरी पाणी नुसतं गढूळ. असं का? कृपया आकृती पाठवू नका, वहीत भरपूर आहेत.

प्रयोगवही (दापोली):
ताई, मी अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं घेतो, त्यामुळे थोडं लांबणार.

रातांब्याचा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत कधी कधी ९० टक्के जागा ही एकटीच अडवते, केंद्रक वगैरे मंडळी कडेला चेपून बसतात. पाणी, आम्लं आणि अँथोसायनिन हे रंगद्रव्य, सगळं तिच्यातच. म्हणजे आंबटपणा आणि लाली शेजारी-शेजारी. अँथोसायनिन आम्लातच लाल दिसतं; चमचाभर आगळात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, लाली गेलीच.

हापूसचा पिवळा रंग वर्णलवकांत, म्हणजे पेशीतल्या रंगीत कणांत असतो. कैरीतली हरितलवकंच पिकताना वर्णलवकं होतात. त्यातली कॅरोटिनॉइडं तेलात विरघळतात, पाण्यात नाही.

आता मीठ. ते रंग ओढून काढत नाही! बाहेर खारट झालं की परासरणाने आधी नुसतं पाणी बाहेर पडतं. पेशीभित्तिका जागेवर राहते, आतलं पटल तिच्यापासून सुटून आक्रसतं. लाल कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाचं पाणी सोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर रंग आत गोळा होऊन उलट गडद होतो. लगेच साधं पाणी दिलं तर पेशी पुन्हा फुगते, कारण ती जिवंत आहे. रात्रभर मिठात पेशी मरतात, पटलं निकामी होतात, तेव्हा कुठे रंग सुटतो. धुताना येणारा गुलाबीपणा फक्त सुरीखाली फुटलेल्या पेशींचा.

आगळवाला (कुडाळ):
फ्रीझरातले रातांबे बाहेर काढले की मीठ नसतानाही रस गळता. ह्योच प्रकार काय? आणि बियेतला मुठेल (कोकमाचा घट्ट तेल) खय असता?

प्रयोगवही:
हो, बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात. मुठेल मात्र रिक्तिकेत नाही. बीच्या पेशीत बारीक तेलकण असतात, त्यांच्याभोवती मेदरेणूंचा एकच थर (पेशीतल्या बाकी प्रत्येक पटलात असे दोन थर). ते नुसत्या पाण्यात उतरत नाहीत, म्हणून बिया कुटून उकळायच्या आणि वर आलेलं तेल काढून घ्यायचं.

वेळणेश्वरची ताई:
शाळेला सुट्टी, सूक्ष्मदर्शक कुठून आणू? घरी जमेल असं सांगा.

प्रयोगवही:
सालीचे सारखे तुकडे करा, धुवून घ्या आणि दोन पेल्यांत टाका: एकात गार पाणी, दुसऱ्यात कढत. कढत पाणी बघता बघता लाल होईल, कारण उष्णतेने पटलं लगेच निकामी होतात. तिसऱ्या पेल्यात कडक मिठाचं पाणी घेऊन रात्रभर ठेवा आणि अधूनमधून बघायला लावा.

तंतुकणिकाही दाखवायच्या तर लेकीला आंब्याच्या अढीत हात घालू दे. पिकताना फळाचं श्वसन वाढतं. ती ऊब त्याचीच, आणि त्यातलं बरंचसं काम तंतुकणिकांत चालतं.

वेळणेश्वरची ताई:
कढत पाण्याचं आत्ताच करून बघितलं, पेला लाल! अढी सासूबाईंच्या ताब्यात आहे, त्यांना विचारून कळवते.